पुतळ्याच्या आतली बाई

झाशीच्या राणीचे चित्र काढायला सांगितले, तर महाराष्ट्रातले कुठलेही शाळकरी पोर ते न बघता काढील. पुढचे दोन्ही पाय उचललेला घोडा, उगारलेली तलवार, पाठीला बांधलेला दामोदर. चौकातले पुतळे, कॅलेंडरे, क्रमिक पुस्तके, सोहराब मोदींचा १९५३ चा रंगीत चित्रपट, स्नेहसंमेलनातले वेश, सगळीकडे ही एकच मुद्रा. ती खोटी नाही. पण त्या घोड्यावरच्या बाईच्या मनात काय चालले होते, याचा पत्ता त्या मुद्रेवरून लागत नाही, आणि दीडशे वर्षे तीच ती पाहत आल्यामुळे तो विचारायचा असतो हेही आपण विसरलो आहोत.

त्याच राणीचे आणखी एक चित्र मराठीत आहे, ते शब्दांतले. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, अशी बातमी कोकणापर्यंत आली होती. घरावर कर्ज होते, दक्षिणा मिळेल ही आशा होती. वाटेतच बंड पेटले आणि पुढच्या वर्षी हे भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले. शहर पडल्यावर जीव वाचवून जात असताना काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीपाशी, त्यांची राणीशी गाठ पडली. अंगात पठाणी पोशाख, तोंडावर धूळ, घशाला कोरड. भटजी पाणी काढायला पुढे झाले. आपण विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, असे म्हणून तिने स्वतःच मडके विहिरीत सोडले आणि ओंजळीने पाणी प्यायली. मग ती चार वाक्ये बोलली. आपण एक विधवा बाई, आपल्या पोटाला लागते ते किती; या भानगडीत पडायचे कारण नव्हते; धर्माच्या अभिमानापायी हे अंगावर घेतले, पण ईश्वराने यश दिले नाही. एवढे बोलून ती काल्पीकडे निघून गेली.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यात एखाद्या राज्यकर्त्या स्त्रीचे मन इतके उघडे पडलेले मला दुसरीकडे कुठे आढळलेले नाही. भटजींनी हे सारे चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून १८८३ च्या सुमारास लिहून काढले. १९०७ साली ते 'माझा प्रवास' या नावाने छापले गेले आणि मूळ हस्तलिखिताला धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली सिद्ध केली. ते पुस्तक इतिहास म्हणून वाचले जाते. मला ते चित्रकारांसाठीही मोलाचे वाटते. सगळ्यांच्या मालकीचा वारसा आणि एकट्या माणसाचे मन या दोन गोष्टी एका जागी कशा आणायच्या, हा आजच्या कितीतरी भारतीय कलावंतांपुढचा प्रश्न आहे, आणि तो झाशीत जितका ठसठशीत दिसतो तितका फार थोड्या गावांत दिसत असेल.

झाशीचा किल्ला १६१३ मध्ये ओरछाच्या बीरसिंह देवांनी बांधला. छत्रसालांनी आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा बाजीरावांना दिला आणि बुंदेलखंडात मराठ्यांचे पाऊल पडले. १७४२ पासून नारो शंकरांनी किल्ला वाढवला, गाव वसवले. पुढे मूळच्या कोकणातल्या नेवाळकरांकडे सुभेदारी आली आणि तीन-चार पिढ्यांत ती राजघराण्यासारखी स्थिरावली. महालक्ष्मीचे देऊळ, ज्या गणेश मंदिरात १८४२ साली मणिकर्णिका तांबे हिचे, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाईचे, झाशीचे राजे गंगाधरराव यांच्याशी लग्न लागले ते मंदिर, राणीमहाल या सगळ्या त्या काळाच्या खुणा. कऱ्हाडे ब्राह्मणांची घरे, मराठी बोलणारे कारकून, पुराणिक, पाठशाळा यांमुळे बुंदेली मुलखात एक मराठी गाव उभे राहिले.

गंगाधररावांना नाटकाचे वेड होते. त्यांनी नाटकशाळा काढली, नट पोसले. ते स्वतः स्त्रीवेश करत आणि हे रंगभूमीपुरतेच नव्हते, असे गोडसे भटजींनी लिहून ठेवले आहे. एका गोऱ्या अधिकाऱ्याने याविषयी छेडले तेव्हा राजाने दिलेल्या उत्तराचा आशय असा होता, की तुम्ही हिंदुस्थानातल्या सगळ्याच राजांना बांगड्या भरायला लावल्या आहेत, मग माझ्या बांगड्यांचे नवल कशाला. हे उत्तर म्हणजे राजकीय टोमणा आहेच. पण त्याच्याआड एका माणसाचे काही खासगी दुःख किंवा खासगी सुखही उभे असावे. नंतरच्या चरित्रकारांनी ही गोष्ट गाळली किंवा घाईने उरकली. राणीबद्दलही भटजी असेच काही सांगतात, जे पुतळ्यात येत नाही. विधवा झाल्यावर तिने केशवपन केले नाही. डोक्यावर केस राखल्याबद्दल ती रोज प्रायश्चित्त करी, आणि त्याच दिवशी व्यायाम, घोडा, दरबार हेही सारे करी. एकाच दिवसात पाप मानून फेडलेले केस आणि फेट्याखाली बांधलेले तेच केस! या बाईचे मन काढायला बसलेल्या चित्रकाराला आणखी काय सामग्री हवी?

४ एप्रिल १८५८ च्या रात्री राणी किल्ल्यातून निसटली. त्यानंतर शहरात जी कत्तल आणि लूट झाली तिचे वर्णन भटजींनी दिवसागणिक केले आहे. त्यात माणसांच्या मरणानंतर मला सर्वांत जास्त बोचते ते ग्रंथालयाचे मरण. झाशीच्या संस्थानाने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या पोथ्या होत्या, नकलून घेतलेल्या, रेशमी रुमालांत बांधलेल्या. सैनिकांनी रुमाल घेतले, पोथ्या फेकल्या. गावाची आठवण अशी रस्त्यावर आली.

राणीमहाल आज पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. खालच्या दालनांत नवव्या ते बाराव्या शतकांतली शिल्पे मांडलेली आहेत. वरच्या दरबार दालनाच्या भिंतींवर आणि छतावर वेलबुट्टी, मोर, कमळे लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत अजून टिकून आहेत. बघायला जाणाऱ्याने मान वर करून तिथे थोडा वेळ द्यावा. ही चित्रे काढणाऱ्यांची नावे कोणी नोंदवली नाहीत. तिथून ओरछा मोटारीने जेमतेम अर्ध्या तासावर. तिथल्या लक्ष्मी मंदिरात देवादिकांच्या, रामायणाच्या चित्रांच्या शेजारीच एकोणिसाव्या शतकातल्या एका चित्रकाराने बंदुका घेतलेले गोरे शिपाई, तोफा आणि किल्ल्यावरची लढाई रंगवली आहे. त्याच्या दृष्टीने ती कालपरवाची बातमी होती. देवळाच्या भिंतीवर, देवांच्या रांगेत, आपल्या डोळ्यांदेखत झालेली दहशत काढावीशी वाटणे, हेच मला आजच्या कलेचे बीज वाटते. परंपरेने दिलेली भिंत, परंपरेने दिलेली रेघ, आणि तिच्यातून बाहेर पडणारा अगदी आपला काळ.

भिंत हा शब्द इथे जपून वापरायला हवा, कारण बुंदेलखंडातल्या बहुतेक भिंती बायकांनी रंगवल्या आहेत. दिवाळीच्या रात्री घरची सून भिंतीवर गेरूने 'सुरैती' काढते. आडव्या-उभ्या रेघांतून, चौकटींतून घडलेली लक्ष्मी. नवरात्रात मुली 'नौरता' मांडतात. भिंतीवर मातीचा 'सुअटा' राक्षस, खाली रंगीत भुकटीचे चौक, आणि पहाटेची गाणी. लग्नघराच्या दाराशी मात्र चितेरे येतात आणि गणपती, हत्ती, घोडेस्वार, द्वारपाल काढतात. ही झाशीची 'चितेरी'. नेवाळकरांबरोबर आलेल्या मराठी बायकांनी आपल्याबरोबर चैत्रांगण आणले असणार. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत अंगणात रोज रेखायची ती रांगोळी. झोपाळ्यावरची गौर, सूर्य, चंद्र, कासव, शंख, गोपद्म. बंडाच्या धामधुमीत राणीने झाशीतल्या सगळ्या बायकांना बोलावून थाटाचे हळदीकुंकू केले, ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे. लोकांना धीर द्यायला तिला दरबार भरवता आला असता. तिने हळदीकुंकू केले. स्वतः विधवा असताना!

या रेघांत बायका आपले काही घालत होत्या का? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण पुरावा द्यायचा तर झाशी सोडून बरेच पूर्वेला, मिथिलेत जावे लागते. आणि तिथे पोचवणारा माणूस मराठी आहे.

भास्कर कुलकर्णी जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार. मुंबईच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे हातमागाला नवे नमुने पुरवण्यासाठी सरकारने काढलेल्या केंद्रात, ते काम करत होते. १९६६ च्या सुमारास बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. बायकांच्या हाताला काम द्यावे म्हणून पुपुल जयकर यांनी कुलकर्णींना मधुबनीला पाठवले. त्यांनी गावोगाव फिरून भिंतीवर चित्रे काढणाऱ्या बायकांच्या हाती कागद दिला. ऐकायला गोष्ट एवढीशी आहे. पण भिंत दर वर्षी सारवली जाते, चित्र जाते, आणि काढणारीचे नाव कोणी विचारत नाही. कागद उरतो. कागदावर सही येते. उरणाऱ्या वस्तूपुढे बसलेली बाई हळूहळू स्वतःविषयी विचार करू लागते.

त्यातल्या गंगादेवी यांची गोष्ट मला या प्रकरणाच्या मध्यभागी ठेवायची आहे. जन्म १९२८. संसाराचे हाल झाले, मूल जगले नाही, नवऱ्याने दुसरी बायको केली. कोहबर म्हणजे नवदांपत्याची खोली. तिच्या भिंतीवर कमळ-वेळूची, मीलनाची, वंशवेलीची चित्रे काढायची कला या बाईच्या हातात होती, आणि तिच्या स्वतःच्या वाट्याला त्यातले काहीच आले नव्हते. तिने कागदावर 'मानवजीवन' ही मालिका काढली, जन्मापासून पुढचा बाईच्या आयुष्याचा प्रवास. १९८४ साली पद्मश्री मिळाली. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या भारत महोत्सवाला गेल्या आणि तिथला रोलर कोस्टर आणि वॉशिंग्टनचा उंच मनोरा मिथिलेच्याच रेघेत आणला. मग कर्करोग झाला. दिल्लीच्या रुग्णालयातल्या खाटा, नळ्या, डॉक्टर, वाट पाहणे हे सगळे त्यांनी त्याच बारीक काळ्या-लाल रेघांत काढले. लग्नाच्या खोलीसाठी घडलेली रेघ मरणाच्या खोलीपर्यंत गेली, आणि कुठेही तुटली नाही. परंपरेतून स्वतःच्या मनापर्यंत जाण्याचे याहून धीट उदाहरण माझ्या माहितीत नाही. परंपरा मोडल्याशिवाय आधुनिक होता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही चित्रे पाहावीत.

आजारपणातच, उपचार चालू असताना, त्यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात एक अख्खे कोहबर घर रंगवले. १९९१ साली त्या गेल्या. आणि पुढे, २०१५ च्या आसपास, संग्रहालयाच्या नूतनीकरणात ती भिंत नष्ट झाली. झाशीची पोथीशाळा लुटारू फौजेने उद्ध्वस्त केली, हे दुःख समजू शकते. इथे फौज नव्हती, वेढा नव्हता. एका राष्ट्रीय संग्रहालयात, कलेच्या रक्षणासाठीच पगार घेणाऱ्यांच्या देखत, पद्मश्री मिळालेल्या कलावंताची मरणाच्या दारात काढलेली भिंत गेली. याचा राग यायला हवा, आणि तो मला येतो.

भास्कर कुलकर्णी पुढे डहाणूकडे वळले आणि वारली पाड्यांत गेले. तिथे लग्नाचा चौक भिंतीवर काढायचा मान सुवासिनींचा. जिव्या सोमा मशे हा पुरुष मात्र चौक काढत होता, आणि लग्न नसतानाही रोज काहीबाही काढत होता. लहानपणी आई गेली, त्या धक्क्याने पोराची वाचा गेली आणि धुळीत रेघा ओढूनच ते आपले म्हणणे सांगू लागले, अशी त्यांची हकिकत. गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाचे ठिपके, रेघा, त्रिकोण. एवढ्या थोडक्या साधनांत मशे यांनी मुंग्यांचे वारूळ, मासेमारीचे भलेमोठे जाळे, पेरणी, तारप्याभोवतीचा नाच असे काढले, की सारी जागा सळसळते. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री, आणि २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या जोडीने प्रदर्शन. २०१८ च्या मेमध्ये ते गेले. आज वारली आकृत्या पडद्यांवर, कपांवर, रेल्वेच्या फलाटांवर सर्वत्र आहेत. त्यांत मशे यांचे मुके बालपण नाही. असे नमुने उचलता येतात, पण ते कशामुळे हलत होते ते उचलता येत नाही. झाशीतही अलीकडे सुशोभीकरणात चितेरीचे आकार सार्वजनिक भिंतींवर आले आहेत. त्याने डोळ्याला बरे वाटते, चितेऱ्यांना काम मिळते, ही गोष्ट लहान नाही. त्या चितेऱ्यांतून एखादा किंवा एखादी स्वतःची गोष्ट सांगू लागेल, त्या दिवसाची मी वाट पाहतो.

आता शहरी, कलाशाळेत शिकलेल्या चित्रकारांकडे येऊ. त्यांची अडचण उलटी असते. गंगादेवींना परंपरा हातात मिळाली होती, स्वतःचे सांगायची मुभा कमवावी लागली. कलाशाळेतल्या मुलाला स्वतःचे सांगायची मुभा पहिल्या दिवसापासून असते, परंपरा मात्र पुस्तकांतून, प्रवासांतून कमवावी लागते.

प्रभाकर बरवे हे याचे मराठीतले सर्वांत विचारी उदाहरण. जन्म १९३६, अलिबागजवळचे नागाव. गोडसे भटजींच्या वरसईच्याच जिल्ह्यातला हा माणूस शंभरेक वर्षांनी तसाच उत्तरेला गेला. जे.जे.मधून १९५९ मध्ये बाहेर पडल्यावर वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी मिळाली आणि १९६१ च्या सुमारास बनारसच्या केंद्रावर नेमणूक झाली. भटजी काशीहून आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन आले होते. बरवे तंत्रमार्गाची चिन्हे घेऊन आले. यंत्रे, त्रिकोण, बिंदू, नेत्र. साठच्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत ही चिन्हे उघड दिसतात, आणि त्या वेळी तंत्रकलेला बाजारात जोरही होता. पण बरवे तिथे थांबले नाहीत, आणि मला त्यांचा मोठेपणा यात दिसतो. चिन्ह उसने आहे, आपल्या जगण्यातून आलेले नाही, हे त्यांना जाणवले असावे. पुढच्या काळातल्या चित्रांत यंत्रे दिसेनाशी होतात आणि घड्याळ, किल्ली, पान, शंख, सेफ्टी पिन, ढग अशा वस्तू येतात. एनॅमल रंगाच्या सपाट, स्तब्ध अवकाशात, एकमेकांपासून अंतर राखून. पण पाहणाऱ्याला त्या साध्या वाटत नाहीत. मंडलात जशी प्रत्येक आकृतीला नेमकी जागा असते, तशी जागा त्या पानाला आणि त्या किल्लीला असते. तंत्राने शिकवलेली शिस्त राहिली, तंत्राची लेणी उतरली.

बरवे वर्षानुवर्षे डायऱ्या लिहीत होते. त्यांत टिपणे, रेखाटने, स्वप्ने असत. त्यातून आणि चिंतनातून 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मौज प्रकाशनाने १९९० साली काढले. रंग लावण्याआधीच्या रिकाम्या जागेपुढे बसलेल्या माणसाच्या मनात काय होते, याचा इतका प्रामाणिक शोध भारतीय भाषांत क्वचितच कुणी घेतला असेल. १९९५ मध्ये ते गेले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे सिंहावलोकी प्रदर्शन झाले. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे याच वाटेने आणखी पुढे गेले. सुरुवातीची लघुचित्रांच्या वळणाची माणसे सोडून केवळ रंगाच्या थरांपर्यंत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचे प्रदर्शन झाल्यावर आपल्याकडे किमतींचीच चर्चा जास्त झाली. मी बरव्यांवर रेंगाळलो, कारण त्यांनी आपली वाट शब्दांत मांडून ठेवली, आणि नव्या चित्रकाराला ती वाचता येते.

राणीकडे परत यायचे, तर शकुंतला कुलकर्णी यांच्याकडे जावे लागते. त्यांचा जन्म १९५० चा, धारवाडचा, कर्मभूमी मुंबई. २०१० ते २०१२ या काळात त्यांनी वेताची चिलखते घडवली. वेतकाम करणाऱ्या कारागिरांना बरोबर घेऊन, माणसाच्या अंगावर चढतील अशा मापाची. शिरस्त्राण, छातीचे कवच, घेरदार झगा. त्यांत जुन्या योद्ध्यांच्या चिलखतांची आठवण आहे तशी बायकांच्या दागिन्यांचीही. ती अंगावर घालून त्या मुंबईच्या रस्त्यांवर, सार्वजनिक जागी उभ्या राहिल्या आणि छायाचित्रे काढली. कवच म्हणून पाहावे तर ते वेताचे, लोखंडाचे वार ते काय अडवणार? आणि पिंजरा म्हणून पाहावे तर तो घालणारीनेच, स्वतःच्या रक्षणासाठी, स्वतःच विणला आहे. बाहेरच्या भीतीपासून वाचायला बाई जे अंगावर चढवते तेच तिला चालू-वळू देत नाही, हे कुलकर्णी वेताच्या गाठींतून सांगतात. २०२४ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये डिओर या फॅशनगृहाच्या सादरीकरणाची मांडणी त्यांच्या याच कामावर उभी होती. चकचकीत मंचाच्या मधोमध वेताच्या लढवय्या बायका.

कुलकर्णींनी लक्ष्मीबाईची मूर्ती घडवलेली नाही, आणि मी ती त्यांच्यावर लादत नाही. पण ती चिलखते पाहताना माझ्या मनात येते ती पठाणी पोशाखातली, रोज केसांचे प्रायश्चित्त करणारी बाई. तिच्याही अंगावर दोन कवचे होती. एक गोळ्यांसाठी, दुसरे शास्त्रासाठी. वि. वा. शिरवाडकरांना 'वीज म्हणाली धरतीला' या नाटकात रंगमंचावर तिला बोलते करावेसे वाटले, आणि महाश्वेतादेवींनी १९५६ साली आपले पहिलेच पुस्तक तिच्यावर लिहिले, त्यासाठी झाशीच्या परिसरात फिरून लोकांकडून गाणी-गोष्टी गोळा केल्या. लेखकांनी ही कवचे उकलायचा प्रयत्न केला आहे. शिल्पकारांनी मात्र घोडा सोडला नाही.

आणि घोडा एकटीलाच मिळाला असे नाही. झाशीत झलकारीबाईची गोष्ट घरोघर सांगतात. कोरी समाजातली, म्हणजे विणकरांच्या घरातली ही बाई राणीच्या स्त्रीपथकात होती, चेहऱ्याने राणीसारखी दिसे, आणि राणी निसटावी म्हणून राणीचे कपडे घालून शत्रूला सामोरी गेली, अशी ती कथा. लेखी कागदांपेक्षा लोकांच्या तोंडी ती जास्त जगली. वृंदावनलाल वर्मांच्या १९४६ च्या कादंबरीने तिला छापील जागा दिली. नंतर उत्तर प्रदेशातल्या दलित चळवळीने तिला आपली वीरांगना म्हणून उभे केले, २००१ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघाले. तिचे पुतळे पाहिले तर पुन्हा तोच घोडा आणि तीच तलवार. ज्यांना इतिहासाने पुतळा नाकारला त्यांनी पुतळा मागावा हे अगदी योग्य आहे. पण त्या पुतळ्यातही ती राणीच्या मुद्रेतच राहिली, जशी कथेत राणीच्या कपड्यांत.

वारसा सगळ्यांना सारखा वाटून मिळत नाही. नागपूरचे सवी सावरकर, जन्म १९६१, बडोद्याच्या कलाशाळेत शिकले आणि दिल्लीच्या कला महाविद्यालयात त्यांनी शिकवले. त्यांच्या छापचित्रांत आणि तैलचित्रांत पेशवाई येते ती गळ्यात मडके आणि पाठीमागे झाडू बांधलेल्या, अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या रूपाने. थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून मडके, पाऊल पुसले जावे म्हणून झाडू. रेघ खरबरीत, काळा रंग जड, डोळे पाहणाऱ्यावर रोखलेले. देवदासी येते, शेंडीवाला ब्राह्मण येतो, बुद्ध येतो. हे चित्रकाराचे अंतरंगच आहे, कारण ही आठवण त्याच्या घराण्याची, त्याच्या अंगात मुरलेली. आणि हा सांस्कृतिक वारसाही आहे, कितीही नकोसा वाटला तरी. झाशीची मराठी सत्ता पेशवाईच्याच झाडाची फांदी. राणीमहालाच्या छतावरचे मोर आणि सावरकरांचे मडके एकाच काळातून आपल्यापर्यंत आले आहेत. बनारसहून आणलेली चिन्हे बरवे टाकू शकले. सावरकरांना मडके टाकायची सोय नव्हती. त्यांनी ते चित्राच्या मध्यभागी आणून ठेवले.

गंगादेवी, मशे, बरवे, शकुंतला कुलकर्णी आणि सावरकर यांच्यात शैलीचे काही साम्य नाही. कोणी झाशीचेही नाही. पण झाशीच्या कलाशाळेतला एखादा विद्यार्थी किंवा दारावर हत्ती काढणारी चितेरी आपल्या गावाकडे बघू लागली, तर या पाच जणांनी तिच्यासाठी बरेच काम करून ठेवले आहे. रुग्णालयाची खाट परंपरेच्या रेघेत येते, हे एकीने दाखवले. शिस्त ठेवून लेणी उतरवता येतात, हे दुसऱ्याने. तिच्या हाताशी विषय तर मुबलक आहेत. स्त्रीवेशातला राजा, रस्त्यावर फेकलेल्या पोथ्या, युद्धाच्या तोंडावर हळदीकुंकू लावणारी विधवा. मला स्वतःला मात्र सर्वांत आधी झलकारी पाहायची आहे. कोरींच्या मागावर बसलेली, सूत लावणारी, राणीचे कपडे अजून अंगावर न चढवलेली, आणि ते कपडे घालायला सांगितले तेव्हा तिला नेमके काय वाटले हे सांगणारी.